सोयरिकीच्या पेल्यातलं रिठ्याचं पाणी

मी बोईसरच्या एका शांपूच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या कामाला होते तेव्हाची गोष्ट. बाटलीवर ठसठशीत हिरवं पान छापलेलं असायचं. आत पिंपातून आलेलं केमिकल, आणि पानाची लाज राखायला रिठ्याचा जेमतेम अर्क. तो शांपू मी कधी डोक्याला लावला नाही. हे मी तिथल्या केमिस्ट साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "हळू बोल, मालक ऐकतील."

माझ्या केसांची सोय घरी होती. आम्ही मासळी सुकवणारी माणसं. बोंबलाचा वास केसांत शिरला की तो साबणाला जुमानत नाही. म्हणून आई रिठ्याची सालं पाण्यात भिजत घालायची आणि त्यात शिळ्या ताडीचा गाळ टाकायची. मडक्याला फडकं बांधून ते मागच्या पडवीत आंबत ठेवायचं. काही दिवस ते फसफसायचं, मग निवायचं. रिठ्याचा चिकटपणा जायचा आणि मऊ, भरपूर फेसाचं पाणी उरायचं. साहेबांना ही गंमत सांगितली तर ते एकदम मास्तरच झाले. म्हणाले, ताडीतलं खमीर रिठ्यातली साखर खाऊन टाकतं आणि फेस करणारा भाग तसाच सोडतं. मी म्हटलं, "कडू लागत असेल त्याला." साहेब हसले, आणि दुसऱ्या दिवशी बायकोसाठी बाटलीभर घेऊन गेले. शांपूच्या कारखान्यातून!

अशात मला स्थळ आलं. मुलगा पाम गावच्या नाक्यावर मी कामावर जायचे त्याच टेम्पोत चढायचा, पलीकडच्या कारखान्यात फिटर होता. आमचं बोलणं कधी झालं नव्हतं, पण एकमेकांसाठी जागा धरून झाली होती. मला तो पसंत होता. घोडं अडलं ते त्याच्या आईपाशी. ती पालघरच्या बाजारात मासळी विकायची आणि तिने निरोप धाडला होता, "लगीन झालं का कंपनी बंद. सुनेनं माझ्यासंगती टोपली घ्यायची."

मासळीची मला लाज नव्हती. पण कारखान्यात बाटल्यांच्या लाइनवर उभी राहिले की मी कोणाची लेक नाही नि कोणाची सून नाही, नुसती मी असायचे, आणि ते मला फार आवडायचं. वडील म्हणाले, "आता होय बोल, फुडचं फुडं." मी होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसती फुगून बसले.

पाहुणे आले ते दुपारचे. आमच्याकडे सोयरीक ठरवताना मुलाच्या बापाने मुलीच्या घरची ताडी प्यायची असते. पेला रिकामा केला की शब्द पक्का. अर्धा ठेवला तर मुलगी नाकारली. आणि हे सगळं उरकेपर्यंत मुलीने आतच बसायचं, तोंड उघडायचं नाही. हा नियम कोणी काढला देव जाणे, पण त्याला मुलगी नसणार.

आत्या मोठ्या तोऱ्यात पडवीतून मडकं घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळाने मी सहज पडवीत डोकावले, तर ताडीचं मडकं जागच्या जागी! गेलं होतं ते शेजारचं, माझ्या रिठ्याचं. आत्याचा तरी काय दोष? मडकं तसंच, वास ताडीचा, फेसही ताडीला लाजवील असा.

धावत येऊन दाराआडून पाहिलं. होणाऱ्या सासऱ्यांनी पहिला घोट घेतला होता. त्यांचा चेहरा असा झाला की वर्णन करायची सोय नाही. पण पेला खाली ठेवला तर मुलगी नाकारल्यासारखं होईल, म्हणून बिचाऱ्यांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. माझ्या वडिलांना वाटलं, व्याह्यांचं मन भरून आलं. त्यांनी प्रेमाने पेला पुन्हा काठोकाठ भरला.

सासूबाई शेजारून कुजबुजल्या, "पिवा ना, सगली बघतान."

मी गप्प राहिले असते तर शब्द पक्का झाला असता आणि गळ्यात टोपलीही पडली असती. पण खरं सांगते, तेव्हा एवढा हिशेब डोक्यात नव्हता. त्या माणसाच्या मिशीवर फेसाचे फुगे चढत होते, आणि मला हसू आणि दया दोन्ही आवरेनात. मी बाहेर आले आणि त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

"मामा, नका पिऊ. ती ताडी नाय, माझं केस धुवायचं पानी हाय."

आत्याने कपाळावर हात मारला. वडील मटकन खाली बसले. मामा उठून विहिरीवर गेले. त्यांनी चुळा भरल्या, पुन्हा भरल्या, पण जितक्या चुळा तितका फेस. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. माझ्या आईने गूळ आणून दिला तेव्हा कुठे मामांच्या तोंडातून शब्द फुटला.

"मना वाटला तुमची ताडीच अशी असल," ते म्हणाले.

सासूबाई मात्र फणफणत होत्या. "आपल्या घरची फजिती चारचौघांत बोलून दाखवली! अशी पोरगी लगीन झाल्यावर काय करंल?"

"तेच तर तुला सांगतो," मामा मिशी पुसत म्हणाले. "हिला तू बाजारात बसवनार ना? गिऱ्हाईक विचारंल, पापलेट ताजं हाय का? ही सांगंल, नाय, परवाचं हाय, बर्फातलं."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, "तू आपली लगीन झाल्यावर पन कंपनीतच जा, बाय."