न झालेल्या महामार्गावरचं घर

आमच्या भागात जे महामार्ग झाले नाहीत, त्या सगळ्यांवरून माझ्या बायकोचे काका रोज जात-येत असत. जन्मभर त्यांनी सरकारी रस्तेखात्यात ट्रेसरची नोकरी केली, म्हणजे साहेबाने पेन्सिलीने आखलेली रेघ काळ्या शाईने गिरवली. त्यांनी गिरवलेला एकही महामार्ग जमिनीवर उतरला नाही. दुसरा एखादा यानं खचला असता, निदान ओशाळला तरी असता. काका त्या रस्त्यांचे इतिहासकार झाले. लोकांना राजघराण्यांच्या वंशावळी पाठ असतात, तशा त्यांना आखण्या पाठ होत्या. पहिली मंत्री बदलल्यामुळे गेली, दुसरी एका कारखान्याच्या भिंतीला अडली, तिसरीचं भूमिपूजन झालं आणि मांडव सोडल्यावर मागे फक्त करवंट्या राहिल्या. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आम्ही पँट घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी दुकानदाराला शांतपणे सांगितलं, की तुमचं काउंटर महामार्गाच्या बरोबर मध्यावर येतं. तो सिंधी गृहस्थ गळ्यातला टेप काढत म्हणाला, "साईं, रोड जब आएगा तब आएगा. अभी कमर कितनी?"

चौथ्या आखणीच्या भरवशावर काकांनी बदलापूरला शिरगावात प्लॉट घेतला आणि येणाऱ्या महामार्गाकडे तोंड करून घर बांधलं. ऐसपैस ओटा, पाच पायऱ्या, नावाची पाटी, सगळं भातशेताकडे. खरा रस्ता, म्हणजे गल्ली, घराच्या पाठीशी. त्यामुळे आला-गेला मोरीच्या दारातून आत यायचा. मूलबाळ नव्हतं आणि काकूंना माणसांची फार हौस. पण हळदीकुंकवाच्या बायकांनाही ओल्या धुण्याखालून वाकून यावं लागे. "माझ्याकडे आलेला पाहुणा आधी खरकटी भांडी बघतो, मग मला," काकू म्हणत. उभ्या संसारात त्यांनी एकच मागितलं: माजघराच्या भिंतीला गल्लीकडे एक दार फोडा. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "पावसाळा संपला की काम सुरू होतंय. घराला काय दोन तोंडं ठेवायची?" असे किती पावसाळे संपले, ते काकूंनी मोजायचं सोडून दिलं होतं.

दर रविवारी काका चुन्याचं डबडं घेऊन निघत आणि शेतांत रोवलेले मोजणीचे दगड पांढरे करत. मी अंबरनाथहून जाऊन कधीकधी डबडं धरत असे. जिथे रस्ता यायचा होता तिथे पोचलं, की काका बांधावर थांबत, डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत, आणि मगच पाऊल टाकत. "सवय असावी, जावईबापू. वाहनं सुरू झाल्यावर शिकायला वेळ मिळत नाही." एकदा एका दगडाला शेंदूर फासलेला निघाला. काका भडकले. "अरे, सरकारी खूण आहे ती!" बांधावर बसलेला शेतकरी बसल्या जागेवरूनच म्हणाला, "तुमचा रस्ता काय येत नाय, काका. देव तरी येऊंदे." त्या दिवशी तो दगड न रंगवता आम्ही परतलो.

पुढे एकोणीसशे नव्वदनंतर कधीतरी सरकारी ऑफिसात गावाचा नवा विकास आराखडा लागला. तो पाहायला मी काकांबरोबर गेलो. भिंतीवरच्या नकाशात त्यांनी बोटाने शिरगाव शोधलं. त्यांची रेघ तिथे नव्हती; घरांसाठी राखलेल्या जमिनीचा फिकट पिवळा रंग होता. टेबलामागचा तरुण म्हणाला, "आजोबा, इथे रस्ता नव्हताच कधी." अख्ख्या तालुक्याला इतिहास ऐकवणारे काका नकाशावरचं बोट काढून जिन्याकडे वळले. जिना उतरताना फक्त म्हणाले, "रेघ माझ्या हातची होती हो." आणि थोड्या वेळाने, "हिला सांगू नका. दिवाळी झाली की गवंडी बोलावतो. एकदम दारच दाखवू."

घरी चहा देताना काकूंनी हळूच विचारलं, "काय झालं हो ऑफिसात?"

"काम पुढे सरकलंय," मी म्हणालो.

काकू हसल्या. "तुम्हीही खात्यातलेच झालात की!"

दिवाळी झाली. गवंडी दोन वेळा कबूल करून आला नाही. आणि मार्गशीर्षात चार दिवसांच्या तापाने काकू गेल्या. तिरडी बांधून झाल्यावर प्रश्न आला, की माणसाला मोरीच्या दारातून कसं न्यायचं? जाणत्यांनी माना हलवल्या. म्हणून काकू पुढच्या दाराने निघाल्या, ओट्यावरून, पाच पायऱ्या उतरून, कापलेल्या भाताच्या धसकटांतून, बांधाबांधाने. सगळ्यांत पुढे मडकं धरलेले काका. अर्ध्या शेतात ते थांबले. दम लागला असेल, असं वाटून आम्हीही थांबलो. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. खांद्यावर काकूंना घेऊन आम्ही उभे होतो आणि कुणालाही हसू आलं नाही. मग ते चालू लागले.

तेराव्यानंतर आठवड्याभरात माजघराला दार झालं. चांगलं सागवानी, वर नावाची पाटी. पाहुणे त्यातून सरळ आत येऊ लागले, आणि बसायला मात्र फारसं कुणी येईनासं झालं. काका स्वतः अखेरपर्यंत मोरीच्या दारानेच येत-जात राहिले, दोरीखाली वाकून. दोरीवर धुणं नसलं, तरीही.