पिंट्याचं पहिलं पाऊल, मस्कत ते हेंद्रेपाडा

पोरं मोठी होतात, त्यांचे जुने कपडे भांडीवालीला जातात, पण त्यांचे किस्से काही घरातून हलत नाहीत. उलट वाढतच जातात! चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "ते मस्कतचं सांग ना गं!" मी सांगायला बसते आणि दर वेळी मलाच नव्याने धक्का बसतो.

आमचे हे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. त्यांना मस्कतला वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, तेही फॅमिलीसकट. पिंट्या तेव्हा पाच महिन्यांचा. निघायच्या दिवशी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी, सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि अट घातली, "पोराचं पहिलं पाऊल माझ्या अंगणात पडलं पाहिजे. तोवर त्याला तिकडे चालू देऊ नकोस!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"मी काडेपेटीच्या कारखान्यात कामाला जायचे. तुझ्या नवऱ्याचं पहिलं पाऊल शेजारणीने बघितलं आणि मला संध्याकाळी सांगितलं. एवढं एक बघायचं राहिलंय गं माझं."

दिला शब्द!

*

पहिला धक्का विमानतळावरच. पिंट्या तोवर पालथा पडत नव्हता, म्हणून पासपोर्ट शोधताना मी त्याला बिनधास्त इमिग्रेशनच्या साहेबांच्या काउंटरवर आडवा ठेवला. साहेब किंचाळले, "अहो बाई, पोरगं!"

बघते तर काय, स्वारी पालथी! आणि साहेबांचं स्टॅम्प पॅड तोंडात! ओठ जांभळे, हनुवटी जांभळी. मी ओढणीने त्याचं तोंड पुसतेय, मागे रांगेतले लोक माना वर करून बघतायत. साहेबांनी मात्र शांतपणे हात पुढे केला.

"याच्यावर शिक्का बसला. आता तुमचा पासपोर्ट द्या."

*

मग दात आले. वरचे आधी! आमच्याकडे बाळाचे वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं म्हणतात. मामा, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुरेश, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये पँटच्या दुकानात होता. बातमी कळली आणि गड्याने स्कूटर चालवणंच सोडलं! दुकानात चालत जायचा, तेही भिंतीच्या कडेकडेने. शेवटी न राहवून त्याने मस्कतला फोन लावला.

"ताई, नक्की वरचेच का गं?"

"अरे, वरचेच. चांगले दोन आहेत."

त्याचा रडवेला आवाज आला, "पोराला एकदा उलटा धरून बघ ना. मग खालचे होतील!"

*

मस्कतला आमच्या शेजारी एक सिंधी मावशी राहायच्या. पहिल्याच दिवशी विचारलं, "आप कहां से?" तर म्हणाल्या, "उल्हासनगर, कॅम्प चार!" एवढं विमानात बसून, एवढा समुद्र ओलांडून आलो कुठे, तर कॅम्प चारच्या शेजारी! पिंट्या दिवसभर त्यांच्याकडेच असायचा. त्या त्याला सारख्या सिंधीत "अच, अच", म्हणजे ये, ये, म्हणून जवळ बोलवायच्या.

एका संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले. पिंट्याने आयुष्यातला पहिला शब्द काढला. आई नाही, बाबा नाही. दोन्ही हात पसरून बापाला हुकूम, "अच!"

ह्यांच्या हातातला डबा खाली पडला. "अगं, आपण ह्याला मस्कतला आणलाय की कॅम्प चारला?"

*

आणि मग पिंट्या सोफा धरून उभा राहायला लागला. तो उभा राहिला की मी त्याला खाली बसवायची. तो परत उभा, मी परत बसवायची. घामाघूम व्हायचे दोघं! लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चलता है?"

मी खरं ते सांगितलं, "चलने नहीं देते."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. "क्यों नहीं देते?"

हे अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "मॅडम, आंगन बदलापूर में है."

*

पण पोर कुणाचं ऐकतंय का! मस्कतच्या बाजारात मी कापड बघत होते. पिंट्याने माझी ओढणी सोडली आणि टाकली की चार पावलं, समोरच्या अनोळखी म्हाताऱ्या दुकानदाराकडे! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी किंचाळले, "बसवा त्याला! खाली बसवा!" लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

घरी आल्यावर मी रडले. हे म्हणाले, "आपण काही बघितलंच नाही." त्यानंतर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर शुक्रवारी वाण्याच्या दुकानातल्या फोनवरून विचारायच्या, "चालला का रे?" आणि आम्ही म्हणायचो, "नाही अजून." दोन महिने! तोवर पिंट्या घरभर पळायला लागला होता, आपटत होता, परत पळत होता.

*

परत आलो. विमानतळापासून हेंद्रेपाड्यापर्यंत मी त्याचे पाय जमिनीला लागू दिले नाहीत. आईंनी अंगण सारवून ठेवलं होतं, रांगोळी काढली होती, अख्खी आळी गोळा केली होती. त्या समोर हात पसरून बसल्या. मी पिंट्याला खाली ठेवला आणि मनात म्हटलं, बाबा, जरा अडखळ रे!

कसला अडखळतोय! सुसाट सुटला. रांगोळी तुडवत, आईंच्या बगलेखालून, थेट शेजाऱ्यांच्या कोंबडीमागे! ह्यांनी डोळेच मिटून घेतले.

आई उठल्या, कोंबडीमागून नातवाला उचलून आणला आणि सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "बघितलंत? माझ्या मातीला पाय लागला आणि पोरगं थेट पळालं! पहिलं पाऊल मी बघितलं हो, मी!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझा जीव भांड्यात पडला.

पाहुणे गेल्यावर त्या मोरीत पिंट्याचे शेणाने भरलेले पाय धुवायला बसल्या. मी पाणी ओतत होते. गुडघ्यांवर जुन्या खरचटल्याच्या खपल्या होत्या, त्यांवरून त्यांनी हळूच अंगठा फिरवला. वर न बघताच म्हणाल्या,

"तिकडे पहिल्यांदा पडला तेव्हा फार रडला का गं?"