खारकीवच्या तळघराचं मानपत्र

रेणापूर तालुक्यात कुणाचाही सत्कार ठरला की पहिला फोन मंडपवाल्याला जातो आणि दुसरा माणिकप्पांना. मंडपवाला खुर्च्या आणतो, माणिकप्पा मानपत्र आणतात. सरपंच, मुख्याध्यापक, सेवानिवृत्त ग्रामसेवक, तीन वेळा बिनविरोध आलेला सोसायटीचा चेअरमन, या सगळ्यांच्या भिंतींवर सोनेरी चौकटीत जे 'कर्तव्यदक्ष, मृदुभाषी, दीनांचे कैवारी' लटकलेले आहेत ते सगळे माणिकप्पांच्या हातचे. आणि खरं सांगायचं तर त्यातला एक शब्दही आजवर कुणी ऐकलेला नाही. मानपत्र हातात धरून फोटो काढायचा असतो, एवढंच त्याचं काम. वाचन सुरू झालं की व्यासपीठावरचे पुढारी फोनमध्ये डोकं घालतात, मंडपातली माणसं जेवणाचा अंदाज घेतात, आणि वाचणाऱ्याचा आवाज थांबला की सवयीनं टाळ्या पडतात. सत्कारमूर्तीसुद्धा चौकट घरी नेऊन खिळ्याला अडकवतो आणि मोकळा होतो.

मानपत्रं ही हौस. माणिकप्पांचा धंदा वेगळा. लातूरहून निघणाऱ्या 'दैनिक मांजराकाठ'चे ते रेणापूरचे वार्ताहर आणि एजंटही. एकतीस वर्षं पहाटे एसटी स्टँडवर गठ्ठा सोडायचा, अंक मोजून लावायचे, दिवस उजाडला की बातमीच्या मागं निघायचं. वार्ताहराला पगार नाही, हे शहरातल्या वाचकाला खरं वाटत नाही. पण तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतोच. त्यानं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणायच्या आणि त्या जिवावर बातम्या लिहायच्या, असा हा उलटा कारभार आहे.

माणिकप्पांचा एकच हट्ट होता, तो नावाचा. भूकंपाच्या साली, सव्विसाव्या वर्षी, त्यांनी दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या बातमीदाराला आपल्या एम-एटी गाडीवर बसवून अकरा दिवस ढिगाऱ्यांतून फिरवलं होतं. कुणाचं घर कुठलं, कोण कुणाची आई, हे सगळं माणिकप्पा सांगायचे आणि तो लिहून घ्यायचा. त्या लेखमालेला पुढं मोठं बक्षीस मिळालं. लेखात माणिकप्पांचा उल्लेख एकदाच होता, 'एक स्थानिक इसम'. ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं आणि तेव्हापासून ठरवलं की आपल्या हातून कुणाचं नाव गळायचं नाही. गाय विहिरीत पडल्याची बातमी असली तरी सांगणाऱ्याचं नाव खाली जायचं म्हणजे जायचं.

मग युक्रेनची लढाई आली. आता रेणापूरचा आणि युक्रेनचा काय संबंध, असं पुण्या-मुंबईत कुणी विचारील. लातूरच्या क्लासेसमध्ये दोन-दोन वर्षं घासून ज्या पोरांचे मार्क थोडक्यात हुकतात आणि इथल्या खासगी कॉलेजचा आकडा ऐकून ज्यांचे आईबाप खाली बसतात, ती पोरं डॉक्टर व्हायला कुठं जातात हे लातूर जिल्ह्यात कुणाला विचारायला लागत नाही. स्टँडमागं पिठाची गिरणी चालवणाऱ्या दानम्मा बिराजदारची सुकन्या अशीच युक्रेनमधल्या खारकीवला गेलेली, चौथ्या वर्षाला होती. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो वारल्यावर दानम्मानं गिरणीच्या धुरळ्यात पोरगी वाढवली.

दानम्माकडं व्हॉट्सअ‍ॅपचा फोन नव्हता, म्हणून लढाई सुरू झाली त्या दिवशी सुकन्याचा आवाज माणिकप्पांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. "काका, आम्ही हॉस्टेलच्या तळघरात हाव. दीडशे पोरं-पोरी. वरून लई आवाज येऊन राहिलेत. तीनशे लोक मेले म्हणतात."

माणिकप्पांनी उलट विचारलं, "तू पाह्यलंस का तीनशे?"

"न्हाई."

"मग पाह्यलेलं आधी सांग आणि ऐकलेलं मागून. दोन्ही एकत्र कालवू नको. आणि घाबरू नको, तुझं नाव टाकून छापतो. दानम्मा रोज पाहील, म्हणंल पोरगी बोलून राहिली."

पोरगी हुशार. दुसऱ्या दिवसापासून तिचा प्रत्येक निरोप तसाच सुरू व्हायचा. "मी पाहिलं ते. चौथ्या मजल्याच्या खिडक्या फुटल्या. पंजाबचा एक पोरगा पावासाठी रांगेत गेला, चार तासांनी दोन पाव घेऊन आला, ते आम्ही बारा जणांनी खाल्ले. हॉस्टेलची म्हातारी वॉचमन बीटाचं पाणी उकळून सगळ्यांना देते, सोताचा मुलगा लढाईवर हाय. आता मी ऐकलं ते. स्टेशनपर्यंत रस्ता खुला हाय म्हणतात. मी पाहिला न्हाई." ती कुजबुजत बोलायची. मागं कुणीतरी सतत रडत असायचं.

असं बोलायला पत्रकारितेची डिग्री लागत नाही, खरेपणा लागतो. माणिकप्पा तो आवाज तीन-तीनदा ऐकून शब्दाला शब्द उतरवायचे आणि खाली लिहायचे: सुकन्या दानम्मा बिराजदार, खारकीवहून. मग मजकूर लातूरला पाठवायचे.

पहिल्या दिवशी छापून आलं 'विशेष प्रतिनिधी'. दुसऱ्या दिवशी 'युद्धभूमीवरून थेट: अमरेश', आणि शेजारी संपादक अमरेशचा फोटो, डोक्यावर हेल्मेट, मागं जळती इमारत. हेल्मेट बांधकामावरचं होतं आणि इमारत डीटीपीवाल्यानं चिकटवलेली. अमरेश त्या आठवड्यात औश्यापलीकडंसुद्धा गेला नव्हता. माणिकप्पांनी फोन केला तर तो हसून म्हणाला, "अप्पा, पोरीच्या नावानं अंक खपत न्हाई. समजून घ्या की."

दानम्मा रोज उजाडता उजाडता स्टँडवर यायची. वाचायला ती सावकाश वाचायची, बोट लावून. पहिल्या पानावरून बोट फिरायचं आणि थांबायचं नाहीच.

"अप्पा, नाव कुठाय?"

"हे तिचंच हाय दानम्मा. शब्दन् शब्द तिचा."

"मग नाव का न्हाई?"

माणिकप्पा पुढचे अंक मोजायला लागले. सहाव्या दिवशी सुकन्याचा फोन बंद पडला. चार्जिंग नसेल, असं माणिकप्पांनी स्वतःलाही समजावलं आणि लातूरला कळवलं: आज मजकूर नाही. पण अंक काय मोकळा सोडायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा सोडला तर पहिल्या पानावर आठ कॉलम: 'तळघर कोसळलं! भारतीय विद्यार्थ्यांच्या किंकाळ्या माझ्या कानांत अजून घुमताहेत. अमरेश, खारकीव.'

माणिकप्पांनी तो अंक मागं लपवू पाहिला, पण दानम्माचं बोट त्याआधीच मथळ्यावर आलं होतं. ती स्टँडच्या फरशीवर बसली, आणि अंगावरचं पीठ झटकत राहिली. माणिकप्पा घसा फोडून सांगत होते की हे खोटं आहे, हा माणूस तिथं नाहीच. ती म्हणाली, "तुम्हीच म्हनला ना, शब्दन् शब्द तिचा."

दोन दिवस गिरणी बंद. दोन दिवस त्या घरात सुतक होतं, जिवंत पोरीचं. नवव्या दिवशी सुकन्याचा फोन पोलंडच्या सीमेवरून लागला. तळघराला धक्का लागलेला नव्हता, आतली सगळी पोरं पायी निघून स्टेशनवर पोचली होती. 'मांजराकाठ'नं खुलासा छापला का? छे! पोरगी मुंबईला उतरली तेव्हा अमरेशनं तिच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि 'आमच्या बातमीचा परिणाम' म्हणून छापला. निर्लज्जपणालाही कुठं काठ असतो, इथं तोही नव्हता.

सुकन्याचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं. दुसरीकडं प्रवेश जमला नाही. आज ती लातुरात एका क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टर आहे, दोनशे मुलींचे मोबाइल संध्याकाळी गोळा करते.

हे सगळं जुनं झालं असतं. पण टीव्हीवर लढाया बघण्याची लोकांना चटक लागली आणि एका ट्रस्टला वाटलं की आपणही युद्धवार्ताहरांसाठी पुरस्कार काढावा. यंदाच्या दर्पण दिनाला, सहा जानेवारीला, लातूरच्या सभागृहात पहिला पुरस्कार. नांदेडहून परीक्षक बोलावले. प्रस्ताव ज्यानं त्यानं आपला आपणच पाठवायचा होता, कात्रणं चिकटवून, तीन प्रतींत. अमरेशनं पाठवला. सगळ्यात वर कुठलं कात्रण? 'तळघर कोसळलं!' परीक्षकांनी लिहिलं, 'अंगावर काटा आणणारं प्रत्यक्षदर्शी वार्तांकन'. जगात खरे बातमीदार लढाईत जीव गमावतात, पाय गमावतात, त्यांच्या नावानं काढलेला हा मान, आणि तो निघाला बांधकामावरच्या हेल्मेटकडं.

आणि मग फोन आला. "अप्पा, मानपत्र तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच वाचायचं. तुमच्यासारखी भाषा जिल्ह्यात कुणाची न्हाई." अमरेशच्या आवाजात संकोच औषधालासुद्धा नव्हता. तो ते सगळं खरोखरच विसरला होता.

माणिकप्पांच्या अंगाची लाहीलाही झाली. घरात येऊन ते बायकोवरच, मल्लम्मावरच ओरडले. "मी लिहू? ह्या माणसाचं? हात झडतील माझे!"

मल्लम्मा भाकरी थापत होती. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "लिवा की. त्यानं खोटं लिवा म्हनलंय का?"

माणिकप्पा चुलीजवळ खाली बसले.

"एजन्सी जाईल," ते म्हणाले.

"जाईल की. भूकंपापासून त्येच कात्रण धरून बसलाव. आता पोरीचंबी एक कात्रण ठिवता का त्याच्या शेजारी?"

दुसऱ्या दिवशी ते लातूरला सुकन्याच्या हॉस्टेलवर गेले. आधी तिला विचारायला हवं होतं. तिनं ऐकलं, मोबाइलची पेटी आवरली. मग म्हणाली, "लिहा काका. पण 'धाडसी' लिहू नका. मी लई भ्याले होते, तेच लिहा. आणि माझ्या आईसाठी मी दोन दिवस मेलेली होते, तेबी लिहा. कार्यक्रमाला मी येत न्हाई, त्या दिवशी पोरींची टेस्ट हाय. आईला न्या."

माणिकप्पांनी लिहिलं. विशेषण एकही नाही. फ्रेमवाल्यानं सोनेरी चौकट केली, संयोजकांनी ती चमकीच्या कागदात गुंडाळली. मजकूर आधी दाखवा, असं कुणालाही म्हणावंसं वाटलं नाही. मानपत्र कुणी वाचतं का?

सभागृह भरलेलं होतं. शाली, नारळ, फेटे. दानम्मा शेवटच्या रांगेत, गिरणीला कुलूप लावून आलेली. अमरेशला शाल पांघरली, चमकीचा कागद काढून चौकट हातात दिली, तो फोटोवाल्यांकडं तोंड करून उभा राहिला. निवेदिका म्हणाली, मानपत्राचं वाचन ज्येष्ठ पत्रकार माणिकप्पा करतील. माणिकप्पांनी खिशातली प्रत उघडली.

"हे मानपत्र खारकीवच्या एका तळघराचं आहे. तिथं आठवडाभर एक मुलगी होती. तिनं पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं सांगितलं. ती फार भ्याली होती, तरी तिनं वाढवून काही सांगितलं नाही. तिच्या बातम्यांवर दुसऱ्याचं नाव छापलं गेलं. ज्या दिवशी तिचा फोन बंद होता, त्या दिवशी लातुरात बसून तळघर कोसळवण्यात आलं. ते कोसळलं नव्हतं. तिची आई दोन दिवस मेलेल्या पोरीची आई होती. या पुरस्काराची खरी मानकरी, युद्धवार्ताहर सुकन्या दानम्मा बिराजदार, रेणापूर."

आवाज थांबला आणि कडाडून टाळ्या पडल्या.

हो, टाळ्याच. प्रमुख पाहुण्यांनी फोनमधून डोकं वर काढलं आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. परीक्षकांनी मान डोलावली. अमरेशच्या हातात ती चौकट, मागची बाजू त्याच्या पोटाला टेकलेली, मजकूर लोकांकडं, आणि तोंडावर तेच फोटोतलं हसू. शब्द त्याच्या कानावर पडले होते, पण सवयीनं आत गेले नव्हते. निवेदिका पुढच्या कार्यक्रमाकडं वळली. माणिकप्पा माईकसमोरून हलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तरी त्यांना एवढी चीड आली नसती. हेच ते लोक, आणि हेच खरी बातमी कुठली हे ठरवणार!

तेव्हा शेवटच्या रांगेतून दानम्मा उठली. मधल्या वाटेनं चालत पुढं आली. गिरणीच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज मोठा झालेला, तिला माईक लागला नाही.

"अप्पा, परत वाचा."

निवेदिका थांबली. पाहुण्यांनी फोन खाली ठेवला. अमरेशनं पहिल्यांदाच हातातली चौकट उलटी करून पाहिली आणि त्याचं हसू गेलं. तो घाईनं ती शालीखाली घ्यायला लागला, पण समोरच्या फोटोवाल्यांनी कॅमेरे वर केले होते.

"कुणी ऐकलं न्हाई," दानम्मा म्हणाली. "सगळं ऱ्हाऊ द्या. नाव तेवढं परत वाचा."

माणिकप्पांनी माईक जवळ ओढला आणि सावकाश, दानम्माला बोट लावून वाचता येईल इतकं सावकाश, नाव पुन्हा वाचलं.