शिडीपाशी काढलेल्या चपला

माझे बाबा, गंगाराम, एकतीस वर्षं रेल्वेच्या दुधाच्या टाकीत उतरून ती आतून घासायचे. वरच्या गोल झाकणातून शिरायचं, तेवढीच वाट. उतरण्याआधी शिडीपाशी चपला काढून ठेवायच्या. चपला दिसल्या की आत माणूस आहे, झाकणाला हात लावायचा नाही, असा तिथल्या कामगारांमधला नियम.

एकदा साहेब पाहणीला येणार म्हणून कुणा शहाण्याने त्या चपला उचलून फेकल्या आणि झाकण लावून टाकलं. पाऊण तास बाबा काळोखात, नासक्या दुधाच्या वासात पत्रा बडवत होते. तेव्हापासून ते घरी बाथरूमलाही कडी लावत नाहीत. दाराबाहेर चपला ठेवतात. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये एवढीशी जागा, मी किती वेळा चिडून त्या रॅकमध्ये कोंबल्यात!

गेल्या महिन्यात द्रोणागिरीच्या एका गोदामवाल्याने तीच जुनी टाकी रंगवून बागेत उभी केली आणि बाबांना सत्काराला बोलावलं. पोरं आत शिरू नयेत म्हणून झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद केलं होतं. बाबा गळ्यात हार घालून त्या झाकणाकडेच बघत बसले.

परत निघताना गाडीत पाहिलं, तर ते अनवाणी.

"बाबा, चपला कुठेत?"

"शिडीपाशी."

"अहो, आत कुणी नाहीये आता!"

"मी बाहेर आलो, असं तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले आणि त्यांनी गाडीची काच पूर्ण खाली केली.