प्रभंजन सरांचं निम्मं स्पॅनिश

आमचे धाकटे दीर प्रभंजन यांना एकही भाषा धड येत नाही, आणि त्यांनी उभा जन्म भाषा शिकवण्यात घालवला. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथं सांगायला मला कुणाची भीती नाही.

नव्वदच्या सुमाराला हुबळीत, कोप्पीकर रोडवर, एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत त्यांनी टायपिंगचा क्लास काढला. कॉम्प्युटर आले तशी मशीनं गंजली. मग इंग्लिश स्पीकिंग काढलं. तिथं मुलं दोन महिन्यांत यांच्यापेक्षा बरं बोलायला लागली, म्हणून तेही बंद. शेवटी यांनी अशी भाषा शोधून काढली, जी आख्ख्या हुबळी-धारवाडात कुणालाच येत नव्हती. चूक काढायला कुणी नको, एवढीच अट होती. म्हणून स्पॅनिश.

तीही शिकले कशी, तर फूटपाथवरच्या एका पातळ पुस्तकातून. त्याच्या पहिल्याच पानावर इंग्रजीतले रोजचे बारीकसारीक शब्द आणि त्यांना स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते दिलं होतं. 'आणि'ला ई, 'चा-ची-चे'ला दे, 'मध्ये'ला एन, 'बरोबर'ला कॉन, 'शिवाय'ला सिन, 'साठी'ला पारा, 'पण'ला पेरो. महाशय दुसऱ्या पानावर गेलेच नाहीत. पहिलं पान मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर डकवलं आणि झाले सर.

"वहिनी," धारवाडात मळमड्डीच्या आमच्या घरी जेवता जेवता मला म्हणाले, "कुठल्याही माणसाच्या बोलण्यात निम्मे शब्द हेच असतात. हे आले की निम्मी भाषा आली."

"आणि उरलेली निम्मी?"

"ती इंग्रजीतून घालायची! आपण काय करतो? तुम्ही भाजीवालीशी बोलता तेव्हा 'आणि'ला 'मत्ते', 'पण'ला 'आद्रे' एवढंच कानडी, बाकी सगळं मराठी. भागतं की नाही?"

"अहो भावजी, त्या बाईला मराठी येतं म्हणून भागतं!"

"तेच ते," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. आता या माणसापुढं काय डोकं फोडायचं? आम्हा धारवाडकरांना दोन भाषांच्या पाटावर बसून जेवायची सवय आहे खरी. समोरच्यालाही दोन्ही येतात म्हणून ते खपतं, एवढी साधी गोष्ट या पंडिताच्या टाळक्यात शिरली नाही.

शिरली नाही तर नाही, स्वतःपुरता मूर्खपणा मी खपवून घेतला असता. पण यांनी भाग्यलक्ष्मीला त्यात ओढलं. आमच्या शेजारच्या वेणूबाईंची ही मुलगी. वडील नाहीत, आई शिवण करायची. भाग्यलक्ष्मी कलघटगीला प्राथमिक शाळेत शिकवायला जायची. नोकरी कच्ची होती, पण पुढच्या वर्षी पक्की करतो म्हणून शाळेनं शब्द दिला होता. घर त्याच आशेवर चाललं होतं.

"जन्मभर कलघटगीच्या बसमध्ये धक्के खाणार का?" भावजींनी तिला फूस लावली. "मी तुला तयार करतो. हुबळीतले मिरचीचे व्यापारी रामचंद्रशेठ माझ्या ओळखीचे आहेत. ते आता ब्याडगी मिरची स्पेनला पाठवणार. त्यांना दुभाषी लागणार आहे."

वेणूबाई मला विचारायला आल्या. मी स्पष्ट सांगितलं, नको. पण मी पडले घरात बसणारी बाई, आणि ते पडले सर! मुलीनं शाळा सोडली, भिंतीवरचे शब्द घोकले आणि दोन हजार चार साली शेठजींच्या पेढीवर रुजू झाली. कलघटगीच्या जागेवर लगेच दुसरी बाई आली.

थोड्याच दिवसांत स्पेनचं गिऱ्हाईक आलं. त्याच्याबरोबरचा इंग्रजी जाणणारा माणूस आजारी पडून मुंबईतच राहिला होता. भावजी मोठ्या मानानं भाग्यलक्ष्मीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पाहुण्यानं एक मिरची उचलली, उजेडाकडे धरली, बोटानं चोळली आणि काहीतरी विचारलं. भाग्यलक्ष्मीला त्यातलं 'दे' कळलं, 'कॉन' कळलं. मधलं काही म्हणजे काही कळलं नाही. ती शेठजींना म्हणाली, "मला समजलं नाही, शेठ." तेवढ्यात भावजींनी तिला पायानं डिवचलं आणि पाहुण्याकडे बघून मान डोलावली, "सी, सी!" म्हणजे हो, हो. पाहुण्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा हळूहळू विचारलं. यांनी पुन्हा हसून, "सी, सी!"

पाहुणा चहाही न घेता उठला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून त्या आजारी माणसाचा फोन. मिरचीला रंग चोळता का, असं पाहुण्यानं विचारलं होतं आणि तुमच्या माणसांनी दोनदा हो म्हणून सांगितलं!

शेठजी भडकले. भावजींनी काय सांगितलं माहीत आहे? "पोरीनं मला खूण केली, म्हणून मी हो म्हटलं." हे सांगताना जीभ झडली नाही मेल्या माणसाची! मी खूण केली नाही, असं ती सांगत राहिली, पण शेठजींनी तिचा एक शब्द ऐकला नाही, उभ्या उभ्या काढून टाकलं. शाळा गेली, पेढीही गेली. शेवटी ती त्याच क्लासच्या खालच्या कापडदुकानात ब्लाऊजपीस फाडायला लागली. डोक्यावर रोज नवी मुलं सुरात घोकायची, ई, दे, एन, कॉन. आमच्या घरी मात्र भावजी जेवायला वेळेवर हजर.

चार वर्षांनी मळमड्डीतल्या मंडळाला यांचा सत्कार करायची हुक्की आली. बहुभाषाकोविद म्हणे! अध्यक्ष कोण, तर रामचंद्रशेठ. आणि निर्लज्जपणाची कमाल बघा, भावजी स्वतः दुकानात जाऊन भाग्यलक्ष्मीला सांगून आले, "तू माझी पहिली विद्यार्थिनी. दोन शब्द स्पॅनिशमध्ये बोल." मी तिला म्हटलं, "जाऊ नकोस गं." ती म्हणाली, "जाते काकू."

ती उभी राहिली. माईक धरला आणि बोलायला लागली. "ई दे एन, कॉन पारा... सिन, सिन, पेरो!" कुठं थांबत, कुठं आवाज चढवत, हात जोडत. सगळे भारावून गेले. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या मागचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "काय अस्खलित आहे हो!"

भावजींनी डोळे पुसले आणि माईक घेतला. "ती म्हणाली, मी आज जी काही आहे ती सरांमुळे. सरांचे उपकार मी सात जन्मांत फेडू शकणार नाही."

भाग्यलक्ष्मीनं माईक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मी असं काही म्हटलं नाही सर. मी 'आणि, चा, मध्ये, बरोबर, साठी, शिवाय, पण' एवढंच म्हटलं. तुमच्या भिंतीवरचं. तुम्ही मला तेवढंच शिकवलंत. आत्ता जसं कळल्यासारखं केलंत, तसंच त्या पाहुण्यासमोर केलंत. 'सी' तुम्ही म्हणालात, मी खूण केली नव्हती."

भावजींचं तोंड उघडं, पण त्यातून आता कुठल्याच भाषेतला शब्द निघेना. माझ्या तर काळजाला थंडावा मिळाला, खोटं कशाला सांगू? शेठजी शाल हातात घेऊन उभे होते, ते तिच्याकडे वळले.

"अगं, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं शेठ," ती म्हणाली. "मराठीत सांगितलं होतं."