मामाजी घोड्यावर बसले तो दिवस

घोड्यावरून फिरायच्या सहलीला गेलेले माझे सासरे, म्हणजे मामाजी, पहिल्या दिवशी घोड्याच्या पुढे अकरा किलोमीटर पायी चालले.

तेही चढावर.

आज मामाजींना जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून घरात सगळे हळू आवाजात बोलताहेत आणि मला मात्र ही गोष्ट ओरडून सांगावीशी वाटतेय. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या फुलचूर गावात ज्यांची ज्यांची वरात निघाली, त्यांच्या अल्बममध्ये मामाजी सापडतील. वर नवरदेव, आणि खाली पांढऱ्या घोडीचा लगाम धरलेला, लाल फेट्यातला उंच माणूस. तेच. आयुष्यभर हाच धंदा. आधी एक घोडी, मग तिचीच लेक चांदणी.

आणि हा माणूस एकदाही घोडीवर बसला नव्हता!

"घोडीवर नवरदेव बसते, आपण नाई बसत." हा त्यांच्या वडिलांचा नियम. स्वतःच्या लग्नात तरी बसायचं? पण त्या दिवशी घोडी दुसऱ्याच्या वरातीत होती. मामाजी मांडवात सायकलने पोचले.

चांदणी म्हातारी होऊन वारली. त्यांनी दुसरी आणली नाही. नुसते ओट्यावर बसायचे, उजव्या हाताची मूठ लगाम धरल्यासारखी वळलेली.

मला ते बघवेना. एक दिवस मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. हिमालयातलं नॅशनल पार्क, पाच दिवस घोड्यावरून, जंगल, बर्फाचे डोंगर. खरं तर ते माझंच लहानपणापासूनचं वेड. माझा नवरा नितीन घोडीवाल्याचा मुलगा असून घोड्याला घाबरतो. लहानपणी चांदणीची आई त्याला दंडाला चावली होती.

मामाजींनी व्हिडिओ तीनदा पाहिला.

"तिथं बँड नाई वाजत?"

"नाही मामाजी."

"मंग घोडे चालतेत कायच्यानं?"

हेच पाहायला ते यायला तयार झाले. सून आणि सासरे, दोघंच. गोंदिया स्टेशनवर नितीन आम्हाला सोडायला आला आणि सारखा हसत होता.

पार्कच्या गेटवर त्यांना हीरा मिळाला. तपकिरी, बुटका पहाडी घोडा. मामाजींनी त्याचे खूर उचलून पाहिले, पट्टा नीट केला, घरून आणलेले गूळ-फुटाणे चारले, लगाम हातात घेतला. आणि चालायलाच लागले.

घोडेवाला रमेशभाई मागून ओरडतोय, "अरे अंकल, बैठो तो सही!"

"हाँ हाँ, चलो," म्हणत हे पुढे.

मी लाजेने अर्धी झाले. सासरा पायी आणि सून घोड्यावर! गावात कोणी पाहिलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

संध्याकाळी तंबूत मी चिडलेच. "मामाजी, काऊन नाही बसत तुम्ही?"

"बाबानं नाई म्हटलं होतं." मग म्हणाले, "आन बेटा, पाठीवर बसलो तं त्याचं तोंड कसं दिसन मले?"

दुसऱ्या दिवशीही पायीच. रात्रीपर्यंत दोन्ही गुडघे सुजले.

तिसरा दिवस सगळ्यात उंच कुरणाचा. त्याच्यासाठीच तर आलो होतो. रमेशभाईने सरळ सांगितलं, मध्ये नदी आहे, पाणी बर्फाचं आहे, चालत कोणाला नेणार नाही. बसायचं, नाहीतर तंबूत थांबायचं.

मी म्हटलं, "तुम्ही थांबलात तर मीही थांबते."

मामाजी हिऱ्याजवळ गेले. त्याच्या मानेला हात लावून तो हात कपाळाला लावला.

आणि बसले!

नदीच्या मधोमध हीरा थांबला. पाणी त्याच्या पोटाला. तेवढ्यात त्याने मान वळवून पाठीवर कोण बसलंय ते पाहिलं.

"बेटा! तोंड दिसते! दिसते तोंड!"

नदीच्या आवाजाच्या वर त्यांचा आवाज.

पुढे झाडं संपली आणि एकदम ते कुरण. चारी बाजूंनी पांढरे डोंगर. मामाजी रिकिबीत उभे राहिले. "आवो, असं दिसते काय वरून? येवढे नवरदेव बसवले मी. एकानं बी सांगितलं नाई!"

हीरा दुडक्या चालीने निघाला, मागून मी, आणि आम्ही दोघंही पोरांसारखे ओरडत होतो. असा आनंद मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. (नितीन, वाच.)

नंतरचे दोन दिवस ते खाली उतरायलाच तयार नव्हते. चहासुद्धा वर मागायचे.

घरी आल्यावर गल्लीत वरात दिसली की मध्ये घुसायचे आणि नवरदेवाला दटावायचे, "मोबाइल ठेव खिशात. चोहीकडं पाह्य. असं रोज नाई दिसत."

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी ओट्यावर चहा पिता पिता गेले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नितीन मडकं धरून पुढे चालत होता. मीही निघाले, कोणी अडवलं नाही. ज्यांच्या वराती मामाजींनी काढल्या, ती सगळी माणसं त्या दिवशी पायी होती. आणि मामाजी वर, त्यांच्या खांद्यांवर.

मी रडत होते आणि मनात म्हणत होते, बघा मामाजी, चोहीकडे बघा.

परवा आम्ही निघतोय. नितीन आणि मी. रमेशभाईने हीरा नितीनसाठी राखून ठेवलाय. नितीन सकाळपासून चारदा विचारून गेला, "चावते काय गं तो?"

मी सांगितलंय, पहिल्या दिवशी पायी चाललास तरी चालेल.

मामाजी, तिकडे चांदणी भेटलीच असेल.

लगाम धरून चालू नका. बसा.