रानातल्या दगडाच्या कांड्या

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझे यजमान कोलारच्या सोन्याच्या खाणीत जमिनीला भोकं पाडायचं यंत्र चालवायला शिकले होते. खानापूरच्या पलीकडच्या रानात, फार पूर्वी कुणी तरी खणलेल्या चरात शिशाचा दगड सापडला. खाली आणखी किती आहे ते बघायला कंपनीनं त्यांना बोलावलं. मी सतरा वर्षांची. निपाणीजवळच्या आमच्या घरात पंधरा माणसं होती. रानातल्या खोपटात आम्ही दोघंच. सात-आठ गडी दिवसभर यंत्रावर असायचे, संध्याकाळी आपापल्या गावाला जायचे. बाईमाणूस मी एकटी.

यंत्राच्या आवाजानं यजमानांना कमी ऐकू यायचं. हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला मी मोठ्यानं बोलायची. ते मान हलवायचे, पण उत्तर भलतंच यायचं. "मीठ संपलंय" म्हटलं की "व्हय, ऊन लई हाय" म्हणायचे. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. रिकाम्या डब्याकडं बोट दाखवलं की काम भागायचं.

यंत्र जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या काढायचं, मनगटाएवढ्या जाड. त्या धुऊन, किती खोलातून आल्या ते लिहून, लाकडी खोक्यांत ओळीनं लावायच्या. धुणारा गडी तापानं पडला तेव्हा यजमान म्हणाले, "तू धुशील काय गं?" मला बरं वाटलं. ओढ्यावर बसून मी कांड्या धुऊ लागले. सगळ्या राखी, एकसारख्या. कधी कधी सकाळपासून दिवस कलेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही.

एकदा एक कांडी हाताला जड लागली. पाणी ओतलं तर तिच्यात बोटभर जाडीची पट्टी चमकत होती, नव्या खिळ्यासारखी. मी धावत वर गेले. यजमानांनी यंत्र थांबवलं, कांडी उन्हात फिरवून बघितली, चाकूच्या टोकानं खरवडली.

"शिसं हाय. तुला दिसलं व्हय?"

त्या संध्याकाळी ते लई बोलले. कोलारच्या गोष्टी पहिल्यांदा सांगितल्या. मधे मी काही तरी विचारलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी बेळगावहून साहेब आले. त्यांनी भिंगातून पट्टी पाहिली आणि आसपास आणखी तीन भोकं पाडायला सांगितली. तिन्हींत राखी दगडच निघाला. पुढच्या फेरीला साहेब यजमानांच्या कानाशी वाकून म्हणाले, "पट्टी तिथंच संपली. काम बंद करा."

"बरं," यजमान म्हणाले.

यंत्र सुटं करून बैलगाड्यांवर चढवायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत रानात कसला आवाज नव्हता, तरी आम्ही बोललो नाही.

घरी आलो. चुलीपाशी सासूबाई, जावा, पोरं. सगळ्या एकदम बोलायच्या, आणि त्यात आपण कुठं शिरावं ते मला कळेना. एक दिवस थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, "रानात दोघंच वरीसभर काय बोलत हुता गं?"

"काय न्हाय, आक्का."

मी लाजले असं त्यांना वाटलं. त्या हसल्या, मग बाकीच्याही हसल्या. यजमान सोप्यात विडी ओढत बसले होते. त्यांनी वर बघितलंही नाही.